दोन नगांचा माणूस

जावई सातपूरला आला तेव्हा त्याच्यासाठी एक भिंत पाडण्यात आली आणि मंदाकिनी खैरनार यांचं टेबल तीन फूट डावीकडे सरकवण्यात आलं. भिंतीबद्दल पुढे बरीच चर्चा झाली. टेबलाबद्दल कोणी काही बोललं नाही.

जावई हे मशीनचं नाव. कागदोपत्री त्याचं नाव वेगळं आणि बरंच लांब होतं. पण ज्याच्यासाठी स्वतंत्र एसी बसवतात, ज्याच्यासमोर शेठचाही आवाज खाली येतो आणि जो दिवसभर नेमकं काय करतो हे विचारायची कोणाची हिंमत होत नाही, त्याला निर्झर सर्किट्समधल्या बायका दुसरं काय म्हणणार?

मंदाताईंना निर्झरमध्ये एकोणीस वर्षं झाली होती. आधी सोल्डरिंग, मग दुरुस्ती, मग टेस्टिंग. सोल्डरिंगचा कच्चा सांधा त्या भिंगाशिवाय ओळखत. आता त्यांचं काम होतं जावयाशेजारी बसणं. विमा कंपनीची अटच होती की शेजारी माणूस असल्याशिवाय मशीन चालवायचं नाही. मंदाताई चहाला उठल्या की जावई थांबायचा.

"एवढा मान मला सासरीसुद्धा मिळाला नाही," त्या म्हणायच्या.

जावई काय करतो हे त्यांना चिन्मयी भोळेनं समजावलं. चिन्मयी जळगावची, सव्वीस वर्षांची, कंपनीची डिझाइन इंजिनिअर. जावई येण्यापूर्वी सर्किट ती डिझाइन करायची. आता ती जावयाकडे बघायची.

"ताई, मी सर्किट करते तेव्हा आधी विचार करते. इथे रेझिस्टर का, तिथे कपॅसिटर का. हा विचारच करत नाही."

"म्हणजे अस्सल जावई."

"हा शंभर बोर्ड छापतो. नखाएवढे. कसेही. त्यातले पंच्याण्णव बिनकामाचे निघतात, पाच जरा बरे. मग त्या पाचांची जोडणी एकमेकांत मिसळतो, मुद्दाम थोड्या चुका करतो आणि परत शंभर छापतो. दर अकरा मिनिटांनी नवी पिढी."

"आणि बरा कुठला, हे कोण ठरवतं?"

चिन्मयीनं बंडूकडे बोट दाखवलं. बंडू म्हणजे लोखंडी फ्रेमवर बसवलेलं एक डोकं. आत मिठाच्या पाण्याची जेली, बाहेर रबराची कातडी, दोन कान, आणि चेहऱ्यावर कशाचंच काही वाटत नसल्याचा भाव. कारण निर्झरला बनवायचं होतं कानाचं यंत्र. तेही कारखान्यांत पॉवर प्रेसवर आयुष्य काढून बहिऱ्या झालेल्या कामगारांसाठी. गोंगाटातून माणसाचं बोलणं तेवढं वेगळं काढणारं. जावई एकेक बोर्ड बंडूच्या कानात बसवायचा, स्पीकरवरून प्रेसचा धडधडाट आणि त्यात मिसळलेलं एका बाईचं बोलणं ऐकवायचा आणि बंडूला किती कळलं ते मोजायचा.

"मग शेवटी जो बोर्ड जिंकतो, तो का चालतो?" मंदाताईंनी विचारलं.

"ते कोणालाच माहीत नाही." चिन्मयी हे सांगताना जरा दुखावल्यासारखी दिसली. "त्याला आजूबाजूला जे सापडेल ते तो वापरतो. दोन तारा जवळ आल्या की एकीतून दुसरीत थोडं काही गळतं. मी ते टाळायला चार वर्षं शिकले. हा त्याच गळतीवर संसार करतो."

आजूबाजूला जे सापडेल ते. हे वाक्य दोघींनीही ऐकलं आणि चहा प्यायल्या.

आता ते तीन फूट.

आपल्या अंगावर स्थिर वीज साठते. थंडीत दाराच्या कडीला हात लावल्यावर चटका बसतो ना, ती. आपल्याला तो चटका असतो, पण नाजूक चिपसाठी ती आकाशातली वीज असते. म्हणून बोर्ड हाताळणारी प्रत्येक बाई मनगटाला एक पट्टा बांधते. पट्ट्याला वायर, वायरीच्या टोकाला चिमटा, आणि चिमटा लावायचा अर्थिंगच्या खिळ्याला. मग अंगावरची वीज निमूटपणे जमिनीत जाते. टेबल सरकलं आणि मंदाताईंचा खिळा जावयाच्या पाठीमागे राहिला. वायर हातभर कमी पडू लागली. त्यांनी मेंटेनन्सच्या रजिस्टरात रीतसर लिहिलं: 'अर्थिंगचा खिळा हवा. वायर पुरत नाही.' खाली उत्तर आलं: 'बघतो.'

दुसरी कोणी असती तर तिनं पट्टा काढून ठेवला असता. मंदाताईंनी एकोणीस वर्षांत एकदाही बिनपट्ट्याचा बोर्ड हातात धरला नव्हता. त्यांनी चिमटा समोरच्या लोखंडी फ्रेमला लावला, बंडूच्या मानेखाली. लोखंड ते लोखंड. फ्रेमच्या पायांना रबराचे बूट होते आणि ती जमिनीशी कुठेच जोडलेली नव्हती, हे तिच्याकडे बघून कळण्यासारखं नव्हतं.

सहा आठवडे गेले. दीड हजार पिढ्या जन्मल्या, मेल्या. शेवटी एक बोर्ड असा निघाला की बंडूला धडधडाटातून नव्वद टक्के बोलणं कळलं. शेठनी पेढे वाटले. बंडूसमोरही एक ठेवला.

*

मंदाताईंचे यजमान प्रल्हादराव सव्वीस वर्षं पॉवर प्रेसवर होते. अकरा वर्षांपूर्वी त्यांचे कान जवळजवळ गेले. बाजारातली यंत्रं लावून पाहिली. त्यांत शिट्टी, मिक्सर आणि बायको असं सगळं एकाच आवाजात यायचं, म्हणून ती कपाटात गेली. सिडकोतल्या त्यांच्या दोन खोल्यांत फ्रीजवर एक पाटी लटकत असे. 'गॅस संपला.' 'भाऊ येऊन गेला.' 'मीठ कमी.' अकरा वर्षांचा संसार दोन-तीन शब्दांच्या वाक्यांत चालला होता. पाटीवर भांडताही येत नाही. खडू उचलेपर्यंत राग जातो.

नव्या यंत्राचा पहिला नमुना घरी न्यायची परवानगी मंदाताईंनी मागून घेतली. संध्याकाळी त्यांनी तो प्रल्हादरावांच्या कानात बसवला आणि बोट तसंच ठेवून म्हणाल्या, "ऐकू येतंय का?"

प्रल्हादराव खुर्चीतून वीतभर उडाले. "ओरडते कशाला?"

मंदाताईंनी हात काढला. डोळे पुसायचे होते.

"गेलं," प्रल्हादराव म्हणाले.

कच्चा सांधा, त्या मनात म्हणाल्या आणि बोट परत टेकवलं.

"आलं. धर तसंच."

त्या वीस मिनिटं नवऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, आशीर्वाद द्यावा तशा. कुकरची शिट्टी झाली. "हा किती घाणेरडा आवाज आहे," प्रल्हादराव कौतुकानं म्हणाले. दुसरी झाली, तिसरी झाली. डाळ करपली. मग शोध लागला की हात मनगटावर ठेवला तरी चालतं. गुडघ्यावर ठेवला तरी चालतं. शर्टावरून जरा पुसट येतं. हात काढला की मात्र प्रल्हादराव परत अकरा वर्षं मागे.

नमुना कंपनीत नेला असता तर पाच मिनिटांत दोष सापडला असता. मंदाताई रोज सकाळी स्वतःला हे सांगत आणि तो कपाटावर ठेवून कामावर जात.

कारण संध्याकाळी सहानंतर ते दोघं एकमेकांचा हात धरून बसू लागले होते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही ते असे बसले नव्हते. तेव्हा सासूबाई समोर असत. मुलीचा फोन आला तर एका हातात फोन आणि एका हातात प्रल्हादराव. आठव्या दिवशी त्यांचं भांडण झालं.

"माझी मोपेड का विकली?" मंदाताईंनी विचारलं. प्रश्न अकरा वर्षं जुना होता, पण चांगला टिकला होता. "आख्ख्या गल्लीत पहिली बाई होते मी गाडी चालवणारी. मला न विचारता विकली!"

"ते आता काय काढून राहिली तू?"

"आत्ता नाही काढणार तर केव्हा? पाटीवर लिहू? तुम्हाला बायको बसनं गेलेली चालते, पण..." आणि रागाच्या भरात त्यांनी हात झटकून काढून घेतला. प्रल्हादरावांना फक्त हलणारे ओठ दिसू लागले. मंदाताईंच्या लक्षात आलं की नवरा गप्प करायची कळ आपल्या हातात आहे. अशी कळ फार थोड्या बायकांना मिळते. त्या क्षणभर ती तशीच धरून बसल्या.

प्रल्हादरावांनी पुढे वाकून त्यांचा हात पकडला. "सोडू नको. पुढचं ऐकायचंय मला."

"पुढचं काही नाही. का विकली ते सांगा."

"कान गेले माझे. तुझ्या मागे बसलो की हॉर्न ऐकू यायचा नाही. ट्रक एकदम शेजारीच दिसायचा. भीती वाटायची." ते थांबले. "हे पाटीवर कसं लिहिणार?"

पाटी छोटी होती, हे खरंच होतं.

*

मंगळवारी मंदाताई चोवीसशे तयार यंत्रांची शेवटची तपासणी करत होत्या. शुक्रवारी सगळी पेटी कामगारांच्या मंडळाकडे जायची होती. बंडूच्या कानात एक, स्क्रीनवर 'पास'. दुसरं, 'पास'. पट्ट्याखाली खाज सुटली म्हणून त्यांनी मनगटावरचा पट्टा जरा वर ओढला. वायर ताणली गेली आणि चिमटा फ्रेमवरून निसटला.

'फेल.'

त्यांनी चिमटा लावला. 'पास.' काढला. 'फेल.' दुसरा नग घेतला, पाचवा घेतला, पेटीच्या तळाचा घेतला. तेच.

मंदाताई कॉलेजात गेल्या नव्हत्या, पण एकोणीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधल्या होत्या. त्यांनी बंडूकडे पाहिलं. मग चिमट्याकडे. मग वायरीवरून नजर सरकत सरकत स्वतःच्या मनगटापर्यंत आली. आजूबाजूला जे सापडेल ते. बोर्डाच्या एका बाजूला बंडूचं डोकं, आणि दुसऱ्या बाजूला, फ्रेमवरून चिमट्यानं लटकलेल्या, साठ किलोच्या मंदाकिनी खैरनार. दीड हजार पिढ्यांत जावयानं एकटा माणूस कधी पाहिलाच नव्हता. त्याच्या समजुतीप्रमाणे माणूस ही वस्तू दोन नगांत येते.

आधी कामगारांवर दवाखान्यात झालेल्या चाचणीत हे का दिसलं नाही, तेही त्यांना कळलं. डॉक्टर प्रत्येकाचा कान धरून यंत्र बसवतो, आणि म्हातारा घाबरू नये म्हणून घरचं कोणीतरी खांद्यावर हात ठेवतं.

त्यांनी चिमटा परत फ्रेमला लावला आणि पुढचा नग घेतला. 'पास.' त्या दिवशी त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. सांगितलं तर जावई दुरुस्त होईल. जावई दुरुस्त झाला की यंत्राला दुसरा नग लागणार नाही. संध्याकाळी सहा वाजता प्रल्हादराव एकटेच ऐकतील.

बुधवारी संध्याकाळी नामदेव पिंगळे घरी आले. ते प्रल्हादरावांच्या शेजारच्या प्रेसवर होते; कानही बरोबरीनेच गेले. बायको चार वर्षांपूर्वी वारली, मुलगा परदेशात. शुक्रवारच्या यादीत त्यांचं नाव होतं आणि त्यांना धीर धरवत नव्हता. प्रल्हादरावांनी कानातलं काढून त्यांना लावलं. आता प्रल्हादरावांना ऐकू येत नव्हतं आणि पिंगळ्यांना अजून येत नव्हतं, त्यामुळे दोघंही एकाच वेळी बोलत होते.

मंदाताईंनी नवऱ्याचा हात उचलून पिंगळ्यांच्या खांद्यावर ठेवला. "भाऊजी, ऐकू येतंय?"

पिंगळे हसले. दात नसलेलं, मोठ्ठं हसू. "वहिनी! आवाज तोच आहे तुमचा!" मग त्यांनी खांद्यावरच्या हाताकडे पाहिलं, हात बाजूला केला, परत ठेवून घेतला. मशीनवर आयुष्य गेलेला माणूस, दोन वेळा केल्यावर त्यांना समजलं.

 मग गंभीरपणे म्हणाले, "माझ्याकडे मांजर आहे. मांजर चालेल का?"

*

"मांजर नाही पुरणार," चिन्मयी म्हणाली. गुरुवारी सकाळी मंदाताईंनी तिच्यासमोर चिमटा तीनदा काढून लावला होता आणि ती वहीत आकडेमोड करत होती. "आपलं शरीर म्हणजे एक कपॅसिटर असतो, ताई. थोडी वीज धरून ठेवणारी पिशवी. माणसाची मोठी. मांजराची फार तर चौथाई." मग ती काय बोलतेय हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं पेन ठेवलं. "तुम्हाला कधी कळलं हे?"

"मंगळवारी."

"आज गुरुवार आहे."

"हो," मंदाताई म्हणाल्या.  चिन्मयीनं वही उचलली.

बोराशेठना हे सांगायला दोघी एकत्र गेल्या. शेठनी शांतपणे ऐकलं. ते संकटात नेहमी शांत असत. त्रास त्यांच्या कल्पनांचा व्हायचा.

"म्हणजे हात धरला की ऐकू येतं," ते म्हणाले. "यात वाईट काय आहे? खोक्यावर छापू. जिव्हाळा तंत्रज्ञान! आजकाल घरात कोण कोणाचा हात धरतं, सांगा?"

"आणि ज्याला कोणी नाही त्यानं?" मंदाताई म्हणाल्या. "पिंगळे भाऊजी विचारत होते मांजर चालेल का."

शेठनी आशेनं चिन्मयीकडे पाहिलं.

"चौथाई," चिन्मयी म्हणाली.

शेठ खुर्चीत मागे टेकले. "चूक कोणाची?"

मंदाताईंनी पिशवीतून मेंटेनन्सचं रजिस्टर काढून टेबलावर उघडलं. जून: 'अर्थिंगचा खिळा हवा. वायर पुरत नाही.' 'बघतो.' जुलै: 'अर्थिंगचा खिळा अजून नाही.' 'बघतो.' ऑगस्ट: 'अर्थिंग.' 'बघतो म्हटलं ना.'

शेठनी तिन्ही नोंदी दोनदा वाचल्या. शुक्रवारची गाडी गेली नाही. खिळा मात्र त्याच दुपारी ठोकला गेला. अकरा मिनिटं लागली, म्हणजे बरोबर एक पिढी.

*

पहिल्यापासून सुरुवात करायला वेळ नव्हता, म्हणून जावयाला जुन्याच बोर्डांवरून पुढे जायला सांगितलं. दोनशे पिढ्या त्याला काही जमलं नाही. बंडू ठार बहिरा. "जावई रुसला," बायका म्हणाल्या. मंदाताई शेजारी बसून होत्या, पट्टा मनगटाला, चिमटा नव्या खिळ्याला. जमिनीशी जोडलेल्या आणि बाकी कशाशीच नाही. कधीकधी त्यांना वाटे, मशीन आपल्याला शोधतंय. मग त्या चहाला उठत.

पाचव्या आठवड्यात बंडूला परत ऐकू येऊ लागलं. नव्वद नाही, अठ्ठ्याऐंशी टक्के. पण एकट्याला. चिन्मयीनं बोर्ड भिंगाखाली धरला. एका कोपऱ्यात थरावर थर छापलेला तांब्याचा बारीक तुकडा होता, तीळभर. कुठल्याच तारेला न जोडलेला. तिनं तो खरवडला. बोर्ड मेला. दुसऱ्या बोर्डावर तसाच ठेवून मोजमाप घेतलं आणि आकडा वहीतल्या जुन्या आकड्याशेजारी लिहिला.

"ताई, हा तुम्ही आहात."

"कोण?"

"हा तुकडा. दुसरं माणूस मिळेना म्हणून यानं आपल्यापुरतं बनवून घेतलंय."

सर्किटच्या नकाशात प्रत्येक भागाला अक्षर आणि आकडा असतो. चिन्मयीनं त्या तुकड्याला 'म१' असं नाव दिलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी म म्हणजे काय असं विचारलं तेव्हा तिनं "मध्यवर्ती" असं सांगितलं. तुकडा कोपऱ्यात होता, पण साहेबांनी मान डोलावली.

मंदाताईंनी भिंगातून बघितलं. "एवढीशीच?"

"सव्वा मिलिमीटर."

हा मान की अपमान, हे त्यांना ठरवता आलं नाही. जावई पास झाला, विम्याची अट सुटली, आणि पुढच्या सोमवारी त्या आपल्या जुन्या दुरुस्तीच्या टेबलावर परत गेल्या. तिथे खिळा पहिल्यापासून होता.

पिंगळ्यांना नवं यंत्र मिळालं. तिसऱ्या दिवशी ते तक्रार घेऊन आले. "मांजर केवढं ओरडतं हो, वहिनी! चार वर्षं मला वाटत होतं, गरीब आहे बिचारं."

प्रल्हादरावांना मंदाताईंनी नवं यंत्र स्वतः लावून दिलं आणि मुद्दाम लगेच स्वयंपाकघरात निघून गेल्या. ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या राहून हळू आवाजात म्हणाल्या, "चहा टाकू का?"

"टाक," बाहेरून आवाज आला. "साखर बेतानं. काल फार झाली होती."

त्यांनी आधण ठेवलं. लग्नाला तेहतीस वर्षं झालेल्या घरात असंच बोलतात. एक इकडून, एक तिकडून, मधे भिंत. हेच हवं होतं. फ्रीजवरची पाटी त्यांनी उतरवली, फडक्यानं पुसली आणि कपाटात ठेवली, जुन्या यंत्रांशेजारी. मग त्या उगाच थोडा वेळ ओट्यापाशी उभ्या राहिल्या.

चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा सहा वाजले होते. प्रल्हादराव बातम्या ऐकत होते, नुसत्या बघत नव्हते. त्यांचा डावा हात मात्र सवयीनं शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या हातावर उताणा पडला होता, तळवा वर.

मंदाताईंनी तो पाहिला. निवडायच्या मटाराची परात जवळच होती. त्यांनी मूठभर शेंगा उचलून त्या तळव्यावर ठेवल्या आणि शेजारी बसल्या.

प्रल्हादरावांनी शेंगांकडे पाहिलं. "हे काय?"

"सोला. रिकामाच आहे ना हात."

"रिकामा नाही. तुझ्यासाठी ठेवला होता."

"कशाला? ऐकू येतंय ना आता?"

"येतंय की."

"स्पष्ट?"

"एकदम."

"मग?"

प्रल्हादरावांनी शेंगा परातीत परत टाकल्या, हात झटकला आणि पुन्हा तसाच ठेवला.

"मोपेड बघून ठेवलीय मी एक. विजेची," ते समोर टीव्हीकडे बघत म्हणाले. "मागे बसलो की हॉर्न ऐकू येईल आता. तू भांडणार असशील तर आत्ताच भांड, पण हात दे."